लोणावळ्यातले जपानी ताट आणि आपली सुकट

लोणावळा म्हटले की आपल्याला चिक्की, भुशी धरण आणि पावसात उभ्या उभ्या खाल्लेली मक्याची भजी आठवतात. पुण्याहून लोकलने देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत करीत मळवली गाठले की एका अंगाला कार्ल्याची लेणी आणि दुसऱ्या अंगाला भाजे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नोंद कोरलेली आहे. म्हणजे या घाटवाटेला परदेशी माणूस नवा नाही, नवे आहे ते परदेशी ताट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली मासाहारू मोरिमोतो या नामवंत जपानी आचाऱ्याच्या नावाने 'वसाबी' सुरू झाले. तेव्हा असले जेवण उद्योगपती आणि नटनट्यांनी खायचे, अशी आपली समजूत होती. आज ते घाट चढून वर आले आहे.

पुतण्याला कंपनीत बढती मिळाली म्हणून तो आम्हा सर्वांना लोणावळ्याच्या अशा एका मोठ्या हॉटेलात घेऊन गेला. बरोबर आमची आत्या होती. वय सत्तरीच्या पुढे, सारा जन्म देहूरोडला बिगारी काम करण्यात गेलेला. दारात गणवेशातला माणूस पाहून ती थबकली. पुतण्या म्हणाला, "आत्याआजी, चल की. पैसे देऊन जेवणार आहोत आपण."

आत मंद उजेड, लाकडी टेबले, आणि बसल्याबरोबर हात पुसायला गरम ओला रुमाल. आठ घासांच्या एका ताटलीला हजार रुपयांच्या वर! पोट भरण्याचा हिशेब इथे लावूच नये. मासा दुरून, बर्फात आणि कधी विमानाने येतो. तो कापणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात. तरीही आमच्या मते निम्मे पैसे उजेडाचे आणि लाकडाचेच असावेत. काड्यांनी खाणे जमले नाही तर चमचा मागावा, सुशी तर हातानेही खातात. ताटलीतला हिरवा गोळा चटणी समजून तोंडात टाकू नये, नाकातून वाफा निघतात. खरी वसाबी फार महाग असते. बहुतेक ठिकाणी मिळते ती दुसऱ्याच एका तिखट मुळाला हिरवा रंग देऊन केलेली. टेम्पुरा म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेली भजीच. ही तऱ्हा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात नेली. आपल्याकडे मिरचीही त्यांनीच आणली.

पुढे वाडग्यातून मिसोचे सूप आले. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. आत्याने वाडगा नाकाशी नेला आणि मोठ्याने म्हणाली, "आरं, ह्याला सुकटीचा वास येतोय की!" शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. सूनबाईने तिचा हात दाबला. वाढणारा मुलगा मात्र हसला. "आजी, बरोबर ओळखलंत. सुक्या माशाच्याच पाण्यात केलंय." मग आत्याने त्याचे गाव विचारले. तो पवन मावळातला निघाला.

या पाण्याला जपानी लोक दाशी म्हणतात आणि त्यांचा निम्मा स्वयंपाक त्यावर उभा आहे. कात्सुओ नावाचा मासा उकडायचा, धुरी द्यायची, वाळवायचा, वर बुरशी चढवून पुन्हा वाळवायचा. अखेर तो लाकडासारखा टणक होतो. मग रंध्यासारख्या पात्यावर त्याचा कीस काढून समुद्रातल्या वाळवलेल्या शेवाळाबरोबर गरम पाण्यात टाकायचा. या शेवाळाच्या चवीचा शोध किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली लावला आणि त्यातूनच अजिनोमोटो निघाले. चौकातल्या चायनीजच्या गाडीवर दिसते तेच.

आता आपल्या घरी पाहू. सुकट, जवळा, बोंबील, खारा बांगडा यांनी दुष्काळात आणि पावसाळ्यात आपल्या कितीतरी पिढ्या जगवल्या. गोठ्यातले जनावर मेले की मांसाच्या चान्या वाळवून तेही पुरवून खाल्ले. पण भाड्याच्या खोलीत सुकट भाजायची तर आधी खिडकी लावायची, कारण शेजारी काय म्हणतील! आमच्याच घरातला पाचवीतला मुलगा डब्यात सुकटीची चटणी नेत नाही, वर्गातली मुले नाक धरतात म्हणून. तोच मुलगा त्या दिवशी मिसोचे सूप दोन वाडगे प्यायला.

सुशीचीही गोष्ट अशीच आहे. आज जी पांढऱ्या ताटलीत मोजून येते ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, गाड्यांवर विकली जाई. कष्टकरी माणसे येता-जाता हाताने घास उचलत. ट्यूना माशाच्या पोटाचा चरबीदार भाग त्या काळी हलका समजत, आज तोच सर्वांत महाग. कच्चा मासा आम्हाला फारसा रुचला नाही, हे खरे सांगायला हवे. आणि बाजारातला मासा आणून घरी कच्चा खाण्याच्या फंदात कोणी पडू नये. जपानी आचारी त्यासाठी वेगळा, जंतांची काळजी घेतलेला मासा वापरतात.

जपानातही ताटावरून माणसाला खाली ढकलले गेले आहे. तिथे इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातले काही महिने बंदी घातली. पुढे मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे लोक अस्पृश्य ठरले, त्यांची वस्ती वेगळी झाली. १८७१ च्या सरकारी हुकमाने हा भेद कागदावर संपला. त्यानंतर लगेच १८७२ साली खुद्द सम्राट मेजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. सम्राटाने खाल्ले ते सुधारणा म्हणून गाजले, जनावर सोलणाऱ्याचा विटाळ मात्र गेला नाही! त्या बुराकू लोकांनी १९२२ साली क्योतोत सुइहेइशा ही संघटना उभारली. आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट. त्यानंतरही लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी वस्तीचे नाव शोधणे चालूच राहिले.

बिल आले. त्यात सेवाशुल्क लावलेले असेल तर ते सक्तीचे नसते. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते काढायला सांगता येते. पुतण्याने काही न बोलता दिले.

परतताना आत्या भाताबद्दलच बोलत होती. जपानी भात आखूड दाण्याचा आणि चिकट असतो, म्हणून त्याचा गोळा सुटत नाही. आपला इंद्रायणीही तसाच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून काढलेला हा वाण १९८७ सालचा. दुसऱ्या रविवारी आम्ही घरी प्रयोग केला. जपानात कामाला किंवा प्रवासाला निघताना शिदोरी म्हणून भाताचा गोळा नेतात, त्याला ओनिगिरी म्हणतात. आत सुक्या माशाचा कीसही भरतात. आम्ही इंद्रायणी अर्धा तास भिजवून जरा मऊच शिजवला (नवा तांदूळ असेल तर पाणी कमी घालावे). सुकट निवडून कोरडी भाजली, लसूण, मिरची आणि मीठ घालून भरडली. हात मिठाच्या पाण्यात बुडवून कोमट भाताची वाटी केली, मध्ये चमचाभर सुकट भरून गोळा दाबून बंद केला. दुपारपर्यंत चांगला टिकतो. पाचवीतल्या मुलाने सोमवारी डब्यात दोन नेले. सुकट भाजताना खिडकी उघडी ठेवावी, धूर लवकर जातो.