दोन देशांचा एक खेळाडू

घरीं पाहुणे आले म्हणजे लहान मुलास हमखास एक प्रश्न विचारतात: "काय रे, तुला आई अधिक आवडते कीं बाबा?" बिचारें मूल एकदां आईकडे पाहतें, एकदां बापाकडे पाहतें, आणि वडील मंडळी हंसतात. आम्हांस हा प्रश्न कधींच रुचला नाहीं. ज्या दोघांवर मुलाचें प्रेम सारखेंच आहे, त्यांच्यांत त्याला निवड करावयास लावणें ही थट्टा नव्हे. परंतु हाच प्रश्न मोठेपणींही कित्येकांची पाठ सोडीत नाहीं. ज्याचे आईबाप एका देशाचे आणि ज्याचा जन्म दुसऱ्या देशांतला, त्याला जग विचारतें, "तुझा खरा देश कोणता?" ह्या प्रश्नाला एका फुटबॉलपटूनें आपल्या खेळानें कसें उत्तर दिलें, तें आम्ही आमच्या वाचकांस सांगणार आहों.

ह्या खेळाडूचें नांव ग्रॅनिट झाका. त्याचे आईबाप कोसोव्हो प्रांतांतील अल्बेनियन. तो प्रांत त्या काळीं युगोस्लाव्हियाच्या अमलाखालीं होता. १९८६ सालीं त्याच्या वडिलांनीं, विद्यार्थी असतांना, सरकारविरोधी निदर्शनांत भाग घेतला व त्यापायीं साडेतीन वर्षें तुरुंगवास सोसला. सुटका झाल्यावर १९९० सालीं तीं नवराबायको स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं आलीं. तेथें १९९१ सालीं तौलांत व १९९२ सालीं ग्रॅनिट असे दोन मुलगे त्यांस झाले. घरांत अल्बेनियन बोलावी, बाहेर जर्मन बोलावी, आणि दोन्ही ठिकाणीं चेंडू लाथाडावा, असें त्यांचें बालपण गेलें. दोघेही बाझलच्याच क्लबांत खेळ शिकले.

आतां फुटबॉलचा कायदा असा आहे कीं, ज्याचा दोन देशांशीं संबंध आहे, त्यानेंही एका वेळीं एकाच देशाच्या संघांतून खेळावें. ग्रॅनिट स्वित्झर्लंडचा झाला. १७ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा २००९ सालीं नायजेरियांत स्विस संघानें जिंकली, तींत तो होता. आणि जून १९११ नव्हे, तर त्याच्या विसाव्या वर्षाच्याही आधीं, जून २०११ मध्यें, इंग्लंडविरुद्ध वेम्ब्लीच्या मैदानावर तो स्वित्झर्लंडच्या मुख्य संघांतून प्रथम उतरला. थोरला तौलांत स्विस मुलांच्या संघांतून खेळला खरा, परंतु २०१४ सालीं त्यानें अल्बेनियाचा पोषाख अंगावर घातला.

पुढें जें व्हावयाचें तेंच झालें. ११ जून २०१६ रोजीं फ्रान्समधील लान्स येथें युरोपच्या अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत स्वित्झर्लंड व अल्बेनिया यांची गांठ पडली, आणि सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहिले. त्या स्पर्धेच्या इतिहासांत असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. आई प्रेक्षकांत बसली होती. तिच्या अंगांतील सदऱ्यावर अर्ध्या भागीं स्वित्झर्लंडचें निशाण होतें व अर्ध्या भागीं अल्बेनियाचें. स्वित्झर्लंडनें तो सामना एका गोलानें जिंकला. गोल कोणीं केला हें लोक विसरतील. तो सदरा मात्र आम्हांस विसरतां येत नाहीं.

शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट आमच्या सर्व विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. बालकाचे दोन तुकडे करा, असें राजानें म्हणतांच जी खरी आई होती तिनें आपला हक्क सोडला, पण मूल तोडूं दिलें नाहीं. लान्सच्या त्या माउलीनेंही तेंच केलें. तिनें आपला सदरा दोन देशांत वांटला. पुत्रांवरील प्रेम वांटलें नाहीं.

ग्रॅनिट हा मधल्या फळींतील खेळाडू. ह्या जागेचें काम प्रेक्षकांच्या नजरेंत सहसा भरत नाहीं. गोल करणाऱ्यास टाळ्या मिळतात, गोल अडविणाऱ्याची पाठ थोपटली जाते. मधला गडी मागच्यांकडून चेंडू घेतो, मान वर करून सगळें मैदान न्याहाळतो आणि पुढच्याच्या पायाशीं तो नेमका पोंचवितो. घ्यावें एकाकडून, द्यावें दुसऱ्यास, आणि दोघांचेंही भान ठेवावें, हाच त्याचा धर्म.

त्याच्या हातून सर्व कांहीं निर्दोष झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. २२ जून २०१८ रोजीं रशियांतील जागतिक स्पर्धेंत सर्बियाविरुद्ध गोल करतांच त्यानें दोन्ही हातांनीं अल्बेनियन निशाणावरील दुतोंडी गरुडाची खूण करून दाखविली. त्याबद्दल त्याला १०,००० स्विस फ्रँक दंड झाला, आणि अशा दुहेरी नात्याच्या खेळाडूंविषयीं स्वित्झर्लंडांत मोठा वाद माजला. आमच्या मतें प्रतिपक्षास डिवचणें क्रीडांगणावर शोभत नाहीं. दंड झाला तो योग्यच झाला. परंतु ज्यांनीं त्या खुणेवरून त्याच्या स्वित्झर्लंडनिष्ठेवर शंका घेतली, ते एक गोष्ट विसरले. खूण अल्बेनियाची होती, पण ज्या गोलामुळें ती झाली तो गोल स्वित्झर्लंडचा होता.

दुसरा प्रसंग इंग्लंडांतला. तेथील आर्सेनल संघाचा तो कप्तान असतां, ऑक्टोबर २०१९ मध्यें एका सामन्यांत त्याला मैदानाबाहेर बोलावलें, तेव्हां आपल्याच पक्षाच्या प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली. त्यानें रागानें कानाला हात लावून त्यांना आणखी डिवचलें व अंगांतला सदरा काढून टाकला. कप्तानपद गेलें. तो संघ सोडून जाणारच होता; परंतु नवे शिक्षक मिकेल आर्तेता यांनीं त्याचें मन वळविलें. तो राहिला, मान खालीं घालून खेळला, आणि ऑगस्ट २०२० मध्यें त्याच संघाबरोबर त्यानें इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकला. निघून जाणें सोपें होतें. परतून काम करण्यास अधिक धैर्य लागतें.

स्वित्झर्लंडासही त्याचें उत्तर मिळालें तें २८ जून २०२१ रोजीं, बुखारेस्ट येथें. समोर जगज्जेता फ्रान्स. दहा मिनिटें उरलीं असतां फ्रान्सचे तीन गोल आणि कप्तान झाकाच्या स्विस संघाचा एकच. स्विसांनीं एक गोल फेडला. ९० व्या मिनिटास झाकानें मधून दिलेल्या अचूक चेंडूवर गाव्रानोव्हिच यानें बरोबरी साधली, आणि पेनल्टींवर स्वित्झर्लंडनें ५–४ असा जय मिळविला. सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू झाका ठरला. स्विसांचे तिन्ही गोल करणारे सेफेरोव्हिच व गाव्रानोव्हिच हेही बाहेरून आलेल्या आईबापांचेच पुत्र. पुढें २०२३ सालीं स्वित्झर्लंडच्या वतीनें सर्वांत अधिक सामने खेळण्याचा विक्रम झाकाच्या नांवें झाला. जर्मनींत लेव्हरकुसेन संघाबरोबर २०२३–२४ च्या लीगचे ३४ सामने एकही न हरतां खेळून तो विजयी झाला, आणि चषकाच्या अंतिम सामन्यांतला एकुलता एक गोलही त्याचाच होता.

आमच्या वर्गांतूनही घरीं कोंकणी, कानडी वा तेलुगु बोलणारीं आणि शाळेंत मराठी निबंध लिहिणारीं मुलें बसतात. "तूं आमच्यांतला नव्हेस" असें त्यांस खेळाच्या भरांतही कोणीं म्हणूं नये, इतकें आमचें विद्यार्थ्यांस सांगणें आहे. आणि पालकांस विनंति अशी कीं, मुलानें नव्या गांवावर जीव लावला तर जुन्याशीं तो बेइमान झाला, असें मानूं नये. ज्या मातीनें त्याला जन्म दिला तिचें ऋण आणि ज्या मातीनें आईबापांस घडविलें तिचें ऋण, हीं दोन्ही एकाच आयुष्यांत फेडतां येतात. त्यास वेळ लागतो, लोकांचें बोलणें खावें लागतें, आणि पुष्कळ धांवावें लागतें.