तिसरे छिद्र

ग्रीष्माचे वर्णन वर्गात शिकविणे निराळे आणि वैशाखाची दुपार माळवदाखाली प्रत्यक्ष काढणे निराळे. आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. मे महिन्यात येथे पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जाऊन बसतो. जाड भिंतींनी व पांढऱ्या मातीच्या माळवदाने आमच्या तीन पिढ्यांना ऊन सोसू दिले, हे खरे. परंतु मातोश्रींना आता अठ्ठ्याऐंशीवे वर्ष लागले आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या दोनदा ग्लानी येऊन पडल्या, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यांच्या खोलीत वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपण बोलीत ज्यास एसी म्हणतो ते, बसविण्याचे घरात ठरले.

माझी समजूत अशी की, यंत्र आणावे, भिंतीस टांगावे आणि खटका दाबावा, झाले! बसविण्यास आलेला कारागीर माझ्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा होता. त्याने खोक्यास हातही लावला नाही. पिशवीतून दिवा लावलेला होल्डर काढून त्याने त्याच्या दोन तारा भिंतीवरील बोर्डात निरनिराळ्या ठिकाणी लावून पाहिल्या. खालच्या दोन छिद्रांत दिवा लख्ख पेटला. वरच्या मोठ्या छिद्रात एक तार नेताच तो मुळीच पेटेना.

"गुरुजी, या तिसऱ्या छिद्रामागे काहीच नाही. आज यंत्र लागणार नाही."

मला राग आला. "अरे, चाळीस वर्षे या घरात वीज आहे. कधी काही झाले का?"

"चाळीस वर्षे पंखे होते, गुरुजी. हे दीड टनाचे आहे."

हा टन वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन. छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट वीज घेतो; दीड टनाचे यंत्र भर दुपारी दीड हजार वॅट किंवा त्याहूनही अधिक घेते. जुनी बारीक तार या भाराने आतल्या आत तापते, आणि माळवदाच्या लाकडी सरांजवळून गेलेली तार तापली तर परिणाम काय, हे सांगावयास नको.

परंतु मी गप्प झालो तो निराळ्याच कारणाने. "कधी काही झाले का?" हा प्रश्न माझ्याच तोंडून गेला होता, आणि त्याचे उत्तर मला ठाऊक होते. बारा वर्षांपूर्वी आम्ही लोखंडी कूलर आणला. त्याची तीन पायांची पिन जुन्या दोन छिद्रांच्या बोर्डात बसेना. म्हणून मी करवतीने तिचा जाड पाय कापून टाकला. पुढच्याच आठवड्यात पाणी भरताना सौभाग्यवतींना कूलरचा असा धक्का बसला की त्या भिंतीवर आदळल्या, आणि त्यांचा उजवा हात चार दिवस बधिर होता. "दैव बलवत्तर म्हणून वाचलात," असे मी सर्वांदेखत म्हणालो. कापलेल्या पायाविषयी मात्र अवाक्षर काढले नाही.

त्या जाड पायाचे कार्य त्या मुलाने मला समजावून दिले. यंत्रात कोठे तारेचे आवरण झिजले, तर वीज त्याच्या धातूच्या अंगात उतरते. तिसरी तार जमिनीपर्यंत गेलेली असेल, तर वीज त्या सोप्या वाटेने निघून जाते. नसेल, तर स्पर्श करणाऱ्या मनुष्याचे शरीर हीच तिची वाट होते. अमरकोशात पृथ्वीचे एक नाव सर्वंसहा असे आहे. ते मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतले. परंतु सर्व सोसणाऱ्या त्या धरणीपर्यंत घरातली एक तार नेली नव्हती.

पुढले दोन दिवस काम चालले. परसात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा व मीठ घातले, आणि उन्हाळ्यात तेथे पाणी घालण्याचे काम नातवाकडे दिले. मुख्य फलकापासून यंत्रासाठी तांब्याची जाड स्वतंत्र तार आणि स्वतंत्र खटका आला. शिवाय गेलेला व परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडणारे उपकरण बसले. महावितरणाकडे मंजूर भार वाढवून घेतला.

बाहेरचा जड भाग मातीच्या भिंतीस टांगण्यास त्याने साफ नकार दिला. तो थरथरत राहतो आणि खिळे सैल होतात. म्हणून परसात विटांचा ओटा बांधून, भिंतीपासून हातभर दूर, तो त्यावर ठेवला. आतल्या भागाचे पाणी बाहेर उतरावे म्हणून नळीला ढाळ दिला.

आमच्या यंत्रातला आर-३२ हा वायू थोडासा ज्वालाग्राही असतो. म्हणून नळ्या जोडताना शेजारच्या देवघरातील नंदादीप त्याने तेवढ्यापुरता हलविण्यास सांगितला. मातोश्रींनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच तो उचलून ओसरीवर नेला. नळ्यांची गळती तपासण्यास नायट्रोजन वापरावा. प्राणवायू कधीही नव्हे, कारण कॉम्प्रेसरमधील तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होतो. मग पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढून घेतल्यावरच वायू सोडावा. ही त्याची शिस्त पाहून मला माझ्या व्याकरणाच्या तासाची आठवण झाली: क्रम चुकला की अर्थ बुडाला.

इ. स. १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअर याने हे यंत्र योजिले ते छापखान्यातील कागद दमट होऊ नये म्हणून. आज त्याच्या कृपेने मातोश्री दुपारी दोन तास स्वस्थ झोपतात. यंत्र चोवीस अंशांवरच ठेवतो; त्याहून अधिक गारवा त्यांच्या सांध्यांना मानवत नाही.

पहिल्या दिवशी त्या झोपल्यावर मी सौभाग्यवतींना करवतीची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. तो तुकडा केर काढताना मलाच सापडला होता." बारा वर्षे त्यांनी तो उल्लेख केला नव्हता!

वाचकांस माझी विनंती एवढीच की, गारव्याची घाई करू नये. यंत्र घरी येण्यापूर्वी जाणत्या तारतंत्र्याकडून घरातील तिसरे छिद्र तपासून घ्यावे. आणि कोणी पिनेचा जाड पाय कापू लागला, तर तो वडीलधारा असला तरी त्याचा हात धरावा.