आजी, यात मासा आहे!

माझी ताई लग्नानंतर टोकियोला गेली. यंदा मार्चअखेर तिच्या मुलांना शाळेची सुट्टी लागली, तेव्हा आईला घेऊन मी पद्मनाभपुरातून निघाले. आईची अर्धी बॅग खाऊनेच भरली होती. ठेठरी, खुरमी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ पोहे. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. आठ वर्षांचा भाचा जपानी शाळेतलं जेवण आवडीने जेवतो, मासे तर फारच. चार वर्षांची भाची पांढऱ्या भाताशिवाय कशालाच हात लावत नाही. आता या तिघांना घेऊन दहा दिवस फिरायचं, म्हणजे जेवणाची काळजी आलीच.

ताईने निघतानाच नियम केला, "जिथे जाऊ तिथलं खायचं. एक घास चाखायचा, नाही आवडला तर सोडायचा. जबरदस्ती नाही."

पहिला मुक्काम गिफू प्रांतातल्या डोंगरांमधलं ताकायामा. जुन्या लाकडी घरांच्या गल्लीत कोळशावर मिताराशी दांगो भाजत होते. तांदळाच्या पिठाचे पाच गोळे काडीला टोचायचे, सोया सॉस लावायचा आणि भाजायचे. इतर ठिकाणी हा दांगो गोडसर असतो, ताकायामाचा मात्र खारा. आई बघून म्हणाली, "अगं, हा तर आपला फरा, काडीला टोचलेला!" छत्तीसगडचा फराही तांदळाचाच, फक्त वाफवलेला. आजीचा फरा म्हटल्यावर भाचीनेही तोंड उघडलं आणि एक काडी फस्त केली. (लहान मुलांना दांगो काडीवरून काढून, बारीक तुकडे करूनच द्या. चिकट असतो, घशात अडकू शकतो.)

तिथून आम्ही शिकोकू बेटावरच्या कागावाला गेलो. हा जपानमधला सगळ्यात लहान प्रांत. याचं जुनं नाव सानुकी, म्हणून इथला उदोन 'सानुकी उदोन' म्हणून ओळखला जातो. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, लवचिक शेवया. इथे पाऊस कमी, त्यामुळे भातापेक्षा गहू बरा पिकायचा, आणि समुद्रकाठामुळे मीठही भरपूर. कणीक इतकी घट्ट असते की ती पायांनी तुडवतात. कोतोहिरा गावात पर्यटकांनाही हे शिकवतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कणकेवर भाचा-भाची गाण्याच्या तालावर इतके नाचले, की नंतर देवळाच्या 785 पायऱ्यांची वेळ आली तेव्हा दोघंही कडेवर यायला तयार!

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका छोट्या दुकानात शिरलो. इथल्या बऱ्याच दुकानांत सगळं आपलं आपण घ्यायचं असतं. शेवया जाळीत घालून उकळत्या पाण्यात बुडवायच्या, वाडग्यात काढायच्या आणि टाकीच्या नळाने वरून गरम रस्सा सोडायचा. मुलांना हा नळ भारी आवडला. मी माझा वाडगा भरला, मग आईचाही नळाखाली धरला.

आईने चमचा उचलला तोच भाचा म्हणाला, "आजी, यात मासा आहे!"

मला हे माहीत होतं. उदोनचा रस्सा 'दाशी'वर बनतो. दाशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं किंवा सुकवलेल्या लहान मासळीचं पाणी. कागावात तर या सुकवलेल्या मासळीचाच, म्हणजे इरिकोचा, मान मोठा. मासा दिसत नाही, वासही फारसा येत नाही. म्हणून मीच ठरवून टाकलं होतं, की आईला कशाला सांगायचं? दहा दिवस उपाशी राहील बिचारी.

आईने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघून विचारलं, "आणि परवा टोकियोला स्टेशनवर प्यायले ते सूप?"

ताई पाण्याचा ग्लास भरत राहिली. मी म्हटलं, "त्यातही होता."

आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "खायचं की नाही, ते मी ठरवलं असतं ना. मला विचारलं का नाहीस?" माझं पोट शब्दांवर चालतं, पण तेव्हा माझ्याकडे एकही शब्द नव्हता. लहानपणी मला दुधात औषध घालून दिलं, तर मी दिवसभर रुसून बसायचे. तेच मी तिच्याशी केलं होतं.

भाचा मात्र उठून काउंटरवर गेला. आजी मासे खात नाही, रस्सा नको, नुसता उदोन द्या, आणि आम्ही आमची चटणी घातली तर चालेल का, असं त्याने जपानीत विचारलं. तिथे बाहेरचं खाणं दुकानात काढणं बरं दिसत नाही, म्हणून विचारणं गरजेचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी हसून मान डोलावली आणि नव्या वाडग्यात वाफाळता उदोन दिला. आईने पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली, वर भुरभुरली आणि पूर्ण वाडगा संपवला. भाची म्हणाली, "मला आजीचा उदोन." ताईने कात्रीने शेवया बारीक करून दिल्या. पांढऱ्या भाताशिवाय तिने पोटभर खाल्लेलं हे प्रवासातलं पहिलंच जेवण.

शेवटचा मुक्काम कोयासानला होता. या डोंगरावर 816 साली कूकाई नावाच्या भिक्षूने मठ उभारला. कूकाई मूळचे कागावाचेच. उदोनची कृती त्यांनीच चीनहून आणली, अशी दंतकथाही तिकडे सांगतात. मठात राहिलं की 'शोजिन र्‍योरी' मिळतं. त्यात मांस-मासे नसतात, दाशीसुद्धा कोन्बू या समुद्री शेवाळाची आणि शीताके मशरूमची असते. तिळाचा मऊसूत 'गोमा दोफू' आईला खरवसासारखा वाटला. पण चमचा उचलण्याआधी तिने माझ्याकडे नाही, नातवाकडे पाहिलं. त्याने वाढणाऱ्या भिक्षूला विचारलं आणि मान हलवली, "चालेल, आजी."

घरच्या मोठ्यांना आणि मुलांना घेऊन जपानला जाणार असाल, तर एक लक्षात ठेवा. पाकिटांवर आणि मेन्यूत अंडं, दूध, शेंगदाणा यांच्या ॲलर्जीची माहिती असते, पण दाशीतला बोनिटो त्या यादीत सापडत नाही. त्यामुळे "दाशीत मासा आहे का?" हा प्रश्न जपानीत लिहून जवळ ठेवा. आणि उत्तर काहीही आलं तरी ज्याचं ताट आहे त्याला ते सांगा.

परवा व्हिडिओ कॉलवर भाच्याने आजीला फऱ्याची कृती विचारली. आई सांगत होती, तो लिहून घेत होता. मध्येच थांबून म्हणाला, "आजी, यात काय काय असतं ते सगळं सांग हं."