गळ्यातली माळ

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचं ठरलं की आधी चेहऱ्याचा साचा करतात. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात. काही मिनिटांत तो कडक होतो आणि नाकाडोळ्यांचा आकार धरतो. पुढे सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, त्याच साच्याखाली डोकं जखडून घेऊन टेबलावर निजायचं. मान मोकळी लागते. तंत्रज्ञ सांगतो, "काका, गळ्यातलं काढून ठेवा." गळ्यात तुळशीची माळ असते. तरुणपणी पंढरपुरात घातलेली, त्यानंतर आंघोळीलाही न उतरवलेली. काका क्षणभर थांबतात आणि माळ काढून बायकोच्या हातात देतात. बाहेर रांग मोठी असते, पुढचा नंबर तयार असतो. जाडजूड फाईलमध्ये रक्ताचे सगळे रिपोर्ट असतात, या क्षणाची नोंद मात्र कुठेच नसते.

आध्यात्मिक समुपदेशनाचं काम इथून सुरू होतं. नाव जड आहे, त्यामुळे घरच्यांना वाटतं की कुणीतरी येऊन गीतेवर प्रवचन देणार, नाहीतर डोळे मिटून ओंकार म्हणायला लावणार. चांगला समुपदेशक यातलं काही करत नाही. तो स्टूल ओढून बसतो आणि विचारतो, "माळ कधी घातली होतीत?" मग काका बोलू लागतात. वडिलांबरोबरची पहिली वारी, दिवे घाटातली चढण, यंदा आषाढी चुकणार याची रुखरुख. आणि बऱ्याच वेळाने, आवाज खाली आणून, "माळ काढली म्हणून काही होणार नाही ना?" हा प्रश्न पंधरा दिवस आतल्या आत फिरत असतो. डॉक्टरांना विचारण्यासारखा तो वाटत नाही आणि मुलाला विचारावा तर तो म्हणणार, "बाबा, काहीतरीच काय!" उत्तर साधं निघतं. दिंडीतल्या एखाद्या जाणत्या माणसाशी फोनवर बोलणं होतं, तो सांगतो की शेकापुरती माळ मनगटाला बांधा, पांडुरंग काही रागावत नाही. तेच वाक्य पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगून भागलं नसतं.

दुखण्याला अशा अनेक बाजू असतात हे वैद्यकशास्त्राला शिकवलं ते लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी. आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या या बाईंनी शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं दुखणं मिळून एकच 'समग्र वेदना' होते अशी मांडणी केली. तिचं मूळ एका माणसापाशी जातं. डेव्हिड टास्मा हा वॉर्सातून आलेला ज्यू निर्वासित 1948 साली लंडनच्या एका इस्पितळात कॅन्सरने मरत होता. वय चाळीसच्या आसपास, जवळचं कुणी नाही. आपण जगलो याची कुठे खूणही उरणार नाही, याचं दुःख त्याला रोगाइतकंच जाळत होतं. साँडर्स त्याच्याजवळ बसत, बोलत, ऐकत. जाताना त्याने त्यांना 500 पौंड ठेवले आणि मरणपंथाला लागलेल्यांसाठी त्या जे घर काढू पाहत होत्या त्यात आपल्या नावाची एक खिडकी असावी अशी इच्छा सांगितली. त्या खिडकीभोवती इमारत उभी राहायला 19 वर्षं लागली. 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. 2005 साली खुद्द साँडर्स कॅन्सरनेच गेल्या, तेही तिथेच.

आपल्याकडे ही वाट उशिरा आली, पण आली ती मुंबईतच. परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं इस्पितळ 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं, हॉस्पिस मात्र बरंच नंतर आलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 साली सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणं सुसह्य करणाऱ्या उपचारांचं, केंद्र आहे, तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. टाटात उपचारासाठी गावाकडून येणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असतो. देव दगडात शोधू नका, माणसात बघा, असं उभं आयुष्य सांगत फिरलेल्या बाबांच्या नावाच्या छपराखाली केमो घेऊन आलेली माणसं रात्री पाठ टेकतात. तिथल्या गप्पांमध्ये औषधांच्या नावांइतकाच एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

"मी कुणाचं काय वाईट केलं होतं?"

मराठी घरात या प्रश्नाला उत्तरं तयार असतात. पूर्वजन्मीचं पाप, प्रारब्धाचे भोग, कुलदेवतेचं राहिलेलं काहीतरी. शेजारीण प्रेमानेच म्हणते, "भोगून संपवायचं असतं गं." बोलणारीला ते सांत्वन वाटतं, ऐकणारीच्या माथी मात्र रोगाच्या जोडीला आरोपही येतो. समुपदेशकाने सर्वांत आधी हलका करायचा तो हाच भार, आणि त्यासाठी परंपरेतूनच मोठा आधार मिळतो. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कॅन्सर होता. डॉ. महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करत होते आणि 16 ऑगस्ट 1886 रोजी काशीपूरच्या बागेतल्या घरात ते गेले. रमण महर्षींच्या डाव्या दंडावर सार्कोमाची गाठ होती. चार शस्त्रक्रिया होऊनही ती उलटत राहिली आणि 14 एप्रिल 1950 रोजी त्यांनी देह ठेवला. या दोघांच्या खात्यावर कुणी पाप मांडेल काय? श्रद्धाळू माणसाला पेशींचं विभाजन समजावून सांगण्यापेक्षा हे दोन दाखले लवकर पटतात.

तंबाखू खाल्लेल्या माणसापुढे मात्र एवढ्याने भागत नाही. माळ घातल्यावर दारू-मटण सुटलं, पण कमरेची चंची राहिली, असे कितीतरी जण आहेत. "मीच ओढवून घेतलं" हे त्यांचं म्हणणं खोटं नाही आणि ते खोडून काढू नये. सवयीने रोग झाला हे कारण झालं, देवाने शिक्षा केली हा निवाडा झाला. कारण मान्य करून माणूस नातवाला तंबाखूपासून दूर ठेवू शकतो, निवाड्याखाली तो फक्त चिरडला जातो.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या 230 रुग्णांशी बोलणं झालं. त्यांतल्या 72 टक्के लोकांनी सांगितलं की आपल्या आध्यात्मिक गरजेकडे वैद्यकीय यंत्रणेने फारसं किंवा अजिबात लक्ष दिलं नाही. ही मोकळी जागा मोकळी राहत नाही. तिथे बुवा शिरतो. लिंबू, अंगारा, "केमो बंद करा, आमचा काढा घ्या". कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे, पण कायदा खाटेजवळ येऊन बसत नाही. म्हणून समुपदेशकाने नवसाची टर उडवू नये. खणा-नारळाची ओटी राहिली असेल तर घरातल्या कुणीही भरून यावी, त्याने कुणाचं बिघडत नाही. उपचार सोडायला सांगणाऱ्या माणसाला मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नये, मग त्याच्या अंगावरचे कपडे कुठल्याही रंगाचे असोत.

धर्म वेगळा, गाठ तीच. केमो चालू असताना रमजान येतो आणि रोजे सुटले म्हणून एखादी आजी रडते. आजाऱ्याला सवलत आहे, नंतर रोजे भरता येतात किंवा गरिबाला जेवू घालता येतं, हे मौलवींच्या तोंडून ऐकलं की ती औषध वेळेवर घेते. वसईच्या घरात फादर तेल लावायला आले की सगळे धसकतात, जणू शेवट आला. तो संस्कार कुठल्याही गंभीर आजाऱ्यासाठी आहे, हे आधी सांगावं लागतं. देव न मानणाऱ्याचंही काहीतरी अडलेलं असतंच: भावाशी वीस वर्षं बंद असलेलं बोलणं, बांधावरून झालेला तंटा, कुणाची मागायची राहिलेली माफी.

आणि घरोघरची ती कुजबुज, "त्यांना सांगू नका हं." ज्याला सांगायचं नाही तो रोज कॅन्सरच्या इस्पितळाची पाटी वाचत आत जातो. त्याला सगळं कळलेलं असतं. घरच्यांना त्रास नको म्हणून तोही गप्प असतो. एकाच खोलीत दोन्हीकडची माणसं एकमेकांना जपत एकटी पडतात. तिसऱ्या माणसाने हळूच, रुग्णाची तयारी बघून, तो पडदा थोडा सारायचा असतो. याला प्रशिक्षण लागतं, वेळ लागतो, आणि पगारी पदंही लागतात. आज बहुतेक इस्पितळांत हे काम एखादी सहृदय नर्स किंवा समाजसेविका आपल्या कामातून वेळ काढून करते.

घरात कुणाचे उपचार चालू असतील तर इस्पितळात पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. तो फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतो ही समजूत चुकीची आहे. आणि भेटायला जाल तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेला काढा सांगू नका, कुणाचा कोण कसा बरा झाला तेही नको. अर्धा तास बसा आणि माळ कधी घातली होती ते विचारा.