मौनी मांजराची कथा

फ्रान्समधील एका लहानशा गावी, तेथील धर्मगुरुनिवासात, आम्ही काही आठवडे पाहुणे म्हणून राहिलो होतो. त्यास आता पुष्कळ वर्षे लोटली. तेथील वृद्ध फादरांच्या खुर्चीपाशी एक मांजर बसत असे. अंगाने भरदार, पाय मात्र बारीक. आखूड, दाट, लोकरीसारखी निळसर करडी लव. डोळे घासलेल्या तांब्याच्या रंगाचे. जिवणीची ठेवण अशी की ते सदा मंद हसते आहे असे वाटावे. ते क्वचितच ओरडे. फार तर चिमणीसारखा बारीक आवाज करी. या जातीला शार्त्रो म्हणतात, असे फादरांनी सांगितले आणि तिची कथाही सांगितली.

संत ब्रुनो यांनी १०८४ साली सहा सोबत्यांसह ग्रनोबलजवळच्या शार्त्रोझ डोंगरात कार्थुसियन संघाचा पाया घातला. पुढे धर्मयुद्धांवरून परतलेल्या सरदारांनी या मठाला पूर्वेकडील मांजरे भेट दिली आणि मौन पाळणाऱ्या मठवासींच्या सहवासात मांजरेही मौनी झाली, अशी ती कथा. आम्हांला ती इतकी भावली की मायदेशी परतल्यावर उपवासकाळातील प्रवचनांत आम्ही ती कित्येकदा सांगितली.

एका रविवारी मिस्सानंतर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आमच्यापाशी आली. "फादर, हे संघाच्या दफ्तरात कुठे लिहिलेले आहे का?" आम्ही हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र प्रश्न झोपू देईना.

आम्ही शोध घेतला. संघाच्या दफ्तरात अशा मांजरांची नोंद आढळत नाही. १७२३ साली प्रसिद्ध झालेल्या सावारी यांच्या फ्रेंच व्यापारकोशात हे नाव येते, पण ते फरच्या व्यापाराच्या संदर्भात. स्पेनहून येणाऱ्या एका उंची लोकरीवरून ते पडले असावे, असे काही जाणकार मानतात. ज्याला आम्ही मठाचे लेकरू समजत होतो, त्याचे कातडे बाजारात विकले जात होते!

ही जात टिकली ती लेजे नावाच्या दोन बहिणींमुळे. ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळील बेल-ईल बेटावरील निळसर मांजरे निवडून त्यांनी त्यांची जोपासना केली आणि १९३१ साली ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. दुसऱ्या महायुद्धात ही मांजरे जवळजवळ नामशेष झाली. १९७० साली युरोपातील महासंघाने ती ब्रिटिश जातीत विलीन केली. पालकांनी विरोध केल्यावर १९७७ साली पुन्हा वेगळी मानली.

पुढच्या रविवारी आम्ही वेदीजवळून आमची चूक कबूल केली. "फादर, गोष्ट मात्र चांगली होती हो," एक आजी हळहळून म्हणाल्या. गोष्ट चांगली होती, यात शंका नाही. परंतु ज्या मुखाने आम्ही रिकाम्या कबरीची साक्ष देतो, त्याच मुखाने ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगितली, तर त्या मुलीने आमच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवावा?

आता आम्ही लेजे भगिनींची हकीकत सांगतो. तिच्यात सरदार नाहीत, मठ नाही. केवळ धीर आहे. ती मुलगी आजही पुढच्या बाकावर बसते.