खोडरबर

रात्री अकराला बारामतीतल्या दुकानाचं शटर ओढून घरी आलो आणि मुलाच्या लॅपटॉपवर पुन्हा दुकानच उघडलं! 'पीसी बिल्डिंग सिम्युलेटर', 2019 साली पूर्ण स्वरूपात आलेला गेम. काकाचं दुरुस्तीचं दुकान आपल्या अंगावर पडतं. ईमेलवर कामं घ्यायची, सुटे भाग मागवायचे, बिलं भरायची. प्रोसेसरवर पेस्ट लावताना हात आपोआप जपून चालला.

पण त्या गेममध्ये काम झालं की पैसे जमा. आज इंदापूरहून एक आजोबा नातीचा सीपीयू पिशवीत घालून एसटीने आले. स्क्रीन काळी, नुसते बीप. रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर हलकेच फिरवला, परत बसवली. मशीन सुरू! "उसाचं बिल आलं की देतो बरं का," आजोबा म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. भवानीनगरच्या कारखान्याला ऊस घालणारा माणूस, शब्द मोडायचा नाही. हा विश्वास गेम शिकवू शकत नाही.

तरी या धंद्यात उतरणाऱ्या पोरांनी तो जरूर खेळावा. आणि बीप वाजले, तर नवी रॅम घेण्याआधी वीज बंद करून एकदा खोडरबर फिरवून बघा.