गवार खायची कशी?

गेली अठ्ठावीस वर्षे मी शेती खात्यात आहे. बियाणे, खत, फवारणी, ठिबक यांवर बोलायला मला कधी कागद लागला नाही. पण गेल्या वर्षी उन्हाळ्यात माण तालुक्यातल्या एका वस्तीवर एका मावशींनी असा प्रश्न विचारला, की मी गप्पच झालो.

परसबागेसाठी आम्ही तिथल्या बायकांना गवारीचे बी वाटले होते, पुसा नवबहार. गवार हलक्या जमिनीत येते, पाणी थोडे लागते, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते, हे सगळे मी सांगून झालो होतो. दोन-अडीच महिन्यांनी पाहणीला गेलो, तर शेंगा झाडावरच निबर होऊन लोंबत होत्या. मी जरा चिडूनच विचारले, "मावशी, तोडल्या का नाहीत?"

"तोडून करू काय सायेब? मला एकच भाजी येती, शेंगदान्याचं कूट घालून. चार दिस खाल्ली, पाचव्या दिशी पोरांनी ताट सारलं. बी वाटलंत, पर खायाची कशी त्ये कोन सांगनार?"

"चौकशी करून सांगतो," एवढे म्हणून मी गाडीला किक मारली. वाटेत मात्र लाज वाटली. कारण याचे उत्तर मी एकदा खाल्लेले होते.

२००६ साली मी प्रशिक्षणासाठी कोईमतूरला गेलो होतो. तिथले शेतकी महाविद्यालय १९०६ पासूनचे. १९७१ साली तिथे तमिळनाडू कृषी विद्यापीठ झाले. एका रविवारी तिथल्या एका मित्राबरोबर पोळ्ळाचीकडे एका नारळ बागायतदाराच्या घरी गेलो. घरातल्या अम्मांनी केळीच्या पानावर भात, सांबार आणि कोरडी, झणझणीत अशी हिरवी भाजी वाढली. मी तीनदा मागून घेतली. ती गवार आहे हे मला सांगावे लागले! गवारीला ते लोक कोत्तवरंगाय म्हणतात आणि अशा परतलेल्या सुक्या भाजीला पोरियल. ही तिखट होती, कारण तीत भाजून कुटलेली भुकटी होती. त्या भुकटीला पोडी म्हणतात. अम्मांनी मला चुलीपाशी नेऊन सगळे दाखवले. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन वहीत काय लिहिले, तर नारळाच्या दोन ओळींतले अंतर. घरी आल्यावर सौभाग्यवतींना त्या भाजीची चव रंगवून सांगितली. त्यांनी साधे विचारले, "मग करतात कशी?" मला सांगता आले नाही. तो विषय तिथेच संपला.

गेल्या पावसाळ्यात आमची सौ. अंगणात घसरून पडली. उजवे मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर. मुले नोकरीच्या गावी. तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी मी चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे उभा राहिलो. पहिल्या आठवड्यात पिठले-भातच. मग एके दिवशी बाजारात गवार दिसली आणि मावशी आठवल्या. कोईमतूरच्या त्या मित्राला फोन लावला. त्याच्या पत्नी तमिळमध्ये सांगत, तो मला इंग्रजीत सांगे, आणि मी या वेळी लिहीत गेलो.

तुम्हीही लिहून घ्या. पाव किलो कोवळी गवार. आधी पोडी करायची: दोन चमचे धणे, एक चमचा हरभऱ्याची डाळ, एक चमचा उडदाची डाळ आणि चार-पाच सुक्या मिरच्या, हे थेंबभर तेलात मंद आचेवर तांबूस भाजायचे, गार झाले की जाडसर कुटायचे. पीठ करायचे नाही. दाताखाली कण आला पाहिजे. गवारीच्या शिरा काढून ती अगदी बारीक चिरायची, आपण मोडतो तशी लांब नको. हळद, मीठ आणि पाण्याचा हबका देऊन झाकण ठेवायचे. पाणी भाजीतच आटवायचे, ओतून द्यायचे नाही. शेंग मऊ झाल्यावर थोडे चिंचेचे पाणी घालून तेही आटवायचे. चिंच आधी घातली तर शेंग शिजायला अडून बसते, हे मी करून पाहिले आहे.

मग दुसऱ्या कढईत तेल. तिकडे तिळाचे वापरतात, शेंगदाण्याचेही चालते. मोहरी तडतडली की अर्धा चमचा उडदाची डाळ, हिंग, एक मिरची मोडून आणि मूठभर कढीपत्ता. फोडणीत डाळ म्हटल्यावर सौ. हसली. तिकडे ती कुरकुरीतपणासाठी घालतात. माझी पहिल्यांदा कोळसा झाली; खुर्चीत बसून ती "आच कमी करा, आच कमी करा" ओरडत होती, तोवर धूर झाला होता. दुसऱ्या दिवशी जमली. फोडणीत भाजी टाकून चार-पाच मिनिटे परतायची, वरून पोडी आणि अर्धी वाटी खोवलेला ओला नारळ. नारळ पडला की लगेच उतरवायची.

खरा वेळ गेला तो शिरा काढण्यात. पाव किलोला मला पाऊण तास लागला. शेंगांची तोडणी तीन-चार दिवसांआड करा, हे मी जन्मभर सांगत आलो, पण बाजारभावासाठी. निबर शेंग घरातल्या बाईचा किती वेळ खाते, हे माझ्या एकाही भाषणात नव्हते.

दिवाळीनंतर त्या वस्तीवर गेलो, सोबत कढई आणि कुटलेली पोडी. मावशींच्या ओसरीवर भाजी केली. दहा-बारा बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मावशींनी चव घेतली. "ब्येस हाय. पर नारळ आमी रोज कुठनं आनायचा?" याचे उत्तरही माझ्याकडे नव्हते. "आनि मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी पुन्हा जाणे झाले, तेव्हा मावशींनी एक डबा हातात ठेवला. नारळाऐवजी कारळे भाजून कुटून घातले होते. डबा मी घरी नेला. सौ.चे प्लास्टर केव्हाच निघाले होते. तिने झाकण उघडून ओट्याशी उभ्यानेच दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "तुमच्यापेक्षा हिची चांगली झालीय. विचारून या, कारळे किती घातलेत."

या वेळी विचारूनच आलो होतो. दोन चमचे.